टिपक्याच्या अलीकडे

चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो. एक चालता ट्रक मी कायमचा बंद पाडला. बिघडवून नाही हो, दुरुस्त करून.

ट्रक बाबांचा. लांब नाकाचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. इंजिन किती तापलं ते दाखवणारा त्याचा काटा मात्र पक्का खोटारडा. चार किलोमीटर गेलं की थेट लाल पट्ट्यात, आणि इंजिन आपलं ठीकठाक. मी पोरांना मोटार मेकॅनिकचं शिकवतो, मला हे कसं बघवणार?

"बाबा, काटा चुकीचा दाखवते. दुरुस्त करून देऊ का?"

"तू पोरायले शिकव. मले नोको शिकवू."

हे मला लागलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा केनवडला पाहुण्यांकडे गेले आणि मी मीटर उतरवलं. सेन्सर उकळत्या पाण्यात धरला, शेजारी थर्मामीटर, आणि काटा अगदी बरोबर आणून बसवला. काचेवर, लाल पट्टा संपतो तिथे, एक लाल टिपका होता. पूजेचं कुंकू, दुसरं काय? आईने आदल्या दिवशी सगळ्या गाडीला लावलं होतं. देवाधर्माचं मला फारसं नाही, पण कुंकू पुसायची हिंमत झाली नाही. काच त्याच्या कडेकडेने पुसली.

बाबांना सांगितलं नाही. म्हटलं, कळू दे त्यांचं त्यांना, मग येतील विचारायला.

आले ना.

"पूजा पावली पाह्य. काटा आता मधातच राह्यते. गाडी गार चालून राह्यली."

श्रेय देवीला गेलं म्हणून मी चिडलो आणि आणखीच गप्प बसलो. बाबांनी मात्र गाडी गार म्हणून पोती वाढवली.

आठ दिवसांनी शेलूबाजारच्या रस्त्यावर, सोयाबीन भरलेलं असताना, पाण्याचा पाइप गळायला लागला. बाबांचा फोन आला.

"गाडी बंद पडली. धूर निंगून राह्यला."

"काटा कुठी होता?"

"लालमंदी."

"मंग थांबले काहून नाई?"

"लालमंदी तं तो पयलेही राहाचा. टिपक्याजवळ नोता गेला."

"कोणता टिपका? कुंकवाचा?"

"कुंकवाचा कायले? सूनबाईचं नेलपालिश हाये ते. मीच लावलं. काटा तेथी आला का थांबाचं."

म्हणजे माझ्या बायकोलाही ठाऊक होतं. खोटा काटा आणि तो टिपका मिळून बाबांना रोज खरं सांगत होते. मी त्यातला काटा तेवढा खरा केला; आता टिपका गाठायच्या आधीच इंजिन जळणार होतं. "बाबा, काटा दुरुस्त केला," एवढं म्हणायला माझं काय जात होतं?

इंजिन जाम झालं, ट्रक भंगारात गेला. मी सगळं कबूल केलं. बाबा रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मीटर काढून आणलं आणि टीव्हीशेजारी ठेवलं.

आता पाहुणे आले की ते मीटर त्यांच्या हातात देतात.

"आमच्या पोरानं दुरुस्त केलं," म्हणतात. "एकदम बरोबर दाखवते."