काकांच्या बेसमेंटमधल्या जपानी गोष्टी

काकांचा मला अजून राग येतो, आणि तो ओसरावा अशी माझी इच्छाही नाही. ‘मोठं माणूस, जाऊ दे ना,’ असं नवरा म्हणतो. का म्हणून जाऊ द्यायचं?

२००४च्या सुमारास मी नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत, एडिसनला आले. मला नोकरीची परवानगी नव्हती, गाडी नवरा घेऊन जायचा. पुण्यात सहा वर्षं शाळेत शिकवलेली मी दिवसभर खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसायचे. त्यामुळे ‘रविवारी मुलांचा मराठी वर्ग घ्याल का?’ असं काकांनी विचारलं, तेव्हा मी वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. काका म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या मराठी लोकांचे काका. निवृत्त डॉक्टर, अमेरिकेत पस्तीस वर्षं. वर्ग त्यांच्या बेसमेंटमध्ये, फळा त्यांचा, टीव्ही त्यांचा आणि अभ्यासक्रमही त्यांचाच. आधी श्लोक, मग बाराखडी, मग परत श्लोक.

आठ-नऊ मुलं यायची. मी मराठीत विचारायचं आणि त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा वर्ग. त्यात सगळ्यांत अवघड काकांची नात. सात वर्षांची, आईवडील दोघंही कामावर, त्यामुळे आजोबांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. श्लोक घडाघडा म्हणायची. पण ‘पाणी हवंय का गं?’ विचारलं की ‘आय ॲम गुड.’ वर्षभरात स्वतःचं म्हणून एक मराठी वाक्य तिच्या तोंडून निघालं नव्हतं. ते निघायलाच हवं, असं मी मनाशी घेतलं. दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे करण्यासारखं.

अशात आमच्या शेजारची जपानी बाई मायदेशी परत निघाली. जाताना तिनं मला व्हिडिओ कॅसेटींचा एक खोका दिला. तिच्या आईनं नातवंडांसाठी तिकडच्या टीव्हीवरून रेकॉर्ड करून पाठवलेली, जपानी लोककथांची कार्टून मालिका. छोट्या छोट्या गोष्टी, साधी चित्रं. म्हातारा, म्हातारी, कोल्हा, भूत, सगळ्यांचे आवाज मिळून दोनच माणसं काढायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मुलांनाही कळलं नसतं, आणि तिथंच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि रिमोट हातात घेतला. नियम एकच. काय चाललंय ते मुलांनी मराठीत सांगायचं, इंग्रजी शब्द आला की चित्र थांबणार. अहो, काय सांगू! पुढचं बघायची एवढी घाई, की पोरं एकमेकांना शब्द पुरवायला लागली. “फॉक्स काय रे, कोल्हा म्हण ना, लवकर!” चुकलं तरी बिघडत नव्हतं, कारण खरी गोष्ट मलाही ठाऊक नव्हती. काकांची नात तेवढी तोंड मिटून बघत बसायची.

पाचव्या रविवारी काका जिना उतरून खाली आले. कुणीतरी चुगली केली असणार. पडद्यावर एक म्हातारा गवताच्या टोप्या विकायला निघालेला. बिचाऱ्याची एकही टोपी खपत नाही. परतताना बर्फ पडायला लागतो, आणि रस्त्याकडेला दगडाचे सहा देव उघडेबोडके उभे असतात. तेवढ्यात कुणीतरी ‘स्नो’ म्हणालं, मी चित्र थांबवलं. आणि ती नात ताडकन उभी राहिली.

“मावशी, सुरू करा ना! देवांना थंडी वाजतेय!”

माझ्या अंगावर काटा आला. तोच मागून काकांचा आवाज. “स्वीटी, दोज आर नॉट अवर गॉड्स.”

वर्षभरानं पोर मराठीत बोलली, आणि हा माणूस तिला इंग्रजीत गप्प करतो! वर मला म्हणतात कसे, “आपल्या गोष्टी संपल्या का? हे थेर माझ्या घरात चालायचे नाहीत. पुढच्या रविवारपासून बंद.”

‘काका, ती काय बोलली ते ऐकलंत का?’ एवढंच मी विचारायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं होतं. “थेर?” मी ओरडले. “पस्तीस वर्षं संस्कृती संस्कृती करताय, आणि स्वतःच्या नातीशी दोन शब्द मराठीत बोलता येत नाहीत तुम्हाला? तुम्हाला नात नकोय, पोपट हवाय! चार लोकांत मिरवायला!”

काकांनी मागे सरत जिन्याचा कठडा धरला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आणखी दोन वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती.

पण ती पोरगी मुलांमधून वाट काढत आली आणि आजोबांच्या पुढ्यात, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. डोळे भरलेले, मुठी आवळलेल्या.

“मावशी, माझ्या आजोबांशी असं बोलायचं नाही. तुम्ही वाईट आहात. तुम्ही आमच्या घरी येऊ नका.”

सलग तीन वाक्यं, एका दमात. काका तिच्याकडे बघतच राहिले. मी कॅसेट काढली, खोका उचलला आणि कुणाकडे न बघता जिना चढले.

महिन्याभरानं काकांचा फोन आला. वर्ग परत सुरू करा म्हणाले, आणि जरा थांबून, “त्या कॅसेटीही आणा.” मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, मी अजून रागावलेय. होतेच मी रागावलेली, पण कारण ते नव्हतं. येऊ नका असं मला तिनं सांगितलं होतं.