आमच्यात उपास नसतो

उपाशी राहण्याला इंग्रजी नाव दिलं, तर पोटाला ते वेगळं कळतं का?

मी पत्रकांवर वाढले. कोपरखैरण्यातल्या आमच्या घरात पलंगाखाली अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. बाबा लिहायचे, आई घड्या घालायची, मी वाटायला जायचे. त्यातलं एक बायकांच्या उपासांविरुद्ध होतं. ‘उपास म्हणजे बाईच्या ताटावर डल्ला’ असं वर ठळक छापलेलं. आमच्याकडे चतुर्थी नाही, सोमवार नाही, नवरात्र नाही. शेजारणीने साबुदाण्याची खिचडी दिली, तर आम्ही ती जेवण झाल्यावर खायचो.

आईला मधुमेह निघाला तेव्हा ती जवळच्या पावणे गावातल्या एका छोट्या कंपनीत पॅकिंगला होती. दिवसभर उभं राहायचं काम. गुडघे दुखायचे. दर तपासणीला डॉक्टर म्हणायचे, ‘वजन कमी करा.’ कसं करायचं ते कोणी सांगत नव्हतं.

ते सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर सांगितलं गेलं. सोळा तास काही खायचं नाही, उरलेल्या आठ तासांत जेवायचं. आईची सकाळची चहा-चपाती बंद झाली. दुपारी एकच्या सुट्टीतला डबा हाच पहिला घास. साखरेची गोळी नाश्त्याआधी होती आणि गोळी कधी चुकवायची नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. नाश्ता गेला, गोळी राहिली.

‘खात का नाहीस गं सकाळी?’ बाबांनी विचारलं होतं.

‘फास्टिंग चालू आहे.’

‘हे काय नवीन?’

‘सायन्स आहे ते. देवाधर्माचं काही नाही त्यात.’

बाबांचं समाधान झालं. सायन्स म्हटलं की आमच्या घरात पुढचा प्रश्न कोणी विचारत नसे.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघून विचारलं, ‘उपासतापास करता का?’ आई नाही म्हणाली. बाबा तर जवळजवळ ओरडलेच, ‘छे! आमच्यात उपास नसतो.’ डॉक्टर हसले. छान उतरतंय वजन, म्हणाले, चालू ठेवा. गोळी होती तीच राहिली. घरी येताना दोघं खुशीत होती.

मग आईचे हात थरथरायला लागले. अकराच्या सुमाराला घाम फुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिने ग्रुपवर विचारलं. ‘ताई, चरबी जळतेय तुमची! लिंबूपाणी घ्या, साखर अजिबात नको,’ असं उत्तर आलं. त्याखाली बायकांनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले. आईनेही पाठवले.

एका सकाळी कंपनीतून फोन आला. ती काम करता करता खाली कोसळली होती. मनगट मोडलं होतं. तिच्याबरोबर काम करणारी, पावणे गावातलीच एक बाई तिला दवाखान्यात घेऊन आली होती. ती दारातच मला सांगायला लागली, ‘सकालपासून घाम येत व्हता तिला. मी बोलले, चाय पी. तर बोलते, एक वाजला नाय अजून.’

साखर फार खाली गेली होती. ग्लुकोजचं सलाईन लावलं, तासाभराने आई नीट बोलायला लागली. सिस्टर माहिती लिहून घेत होती.

‘सकाळी काय खाल्लं होतं, मावशी?’

‘काही नाही.’

‘उपास होता?’

‘नाही.’

‘आमच्यात उपास नसतो,’ बाबा म्हणाले.

‘मग खाल्लं का नाही?’

‘फास्टिंग होतं,’ आई म्हणाली.

सिस्टरने लिहायचं थांबवून बाबांकडे बघितलं. ‘काका, मग उपास अजून वेगळा काय असतो?’

एरवी मी अशा वेळी पेटते. त्या ग्रुपवर, डॉक्टरांवर, बाबांच्या सायन्सवर, कुणावर तरी. त्या दिवशी आतून काही आलंच नाही. मी आईच्या प्लास्टरकडे बघत बसले. ते अजून ओलं होतं. बोटं सुजून त्यातून बाहेर आली होती.

नंतर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. अशा उपाशी राहण्याने काहींचं वजन उतरतं, म्हणाले, आणि सगळ्यांनाच त्याचा त्रास होतो असं नाही. पण आईची गोळी साखर खाली आणणारी होती. पोटात अन्न नसलं तरी ती तिचं काम करणारच. आधी विचारलं असतं तर गोळी बदलता आली असती, नाहीतर हे करू नका असं सांगता आलं असतं.

‘मी विचारलं होतं ना उपासाचं?’ डॉक्टर म्हणाले.

‘विचारलं होतं,’ आई म्हणाली.

खोटं कोणीच बोललं नव्हतं.

हात जुळला, पण मूठ पूर्ण वळत नाही. कंपनीने तिच्या जागी दुसरी बाई घेतली. गोळी बदलली, सकाळची चपाती परत आली, वजनही थोडं परत आलं. आई आता एकटी जिना उतरत नाही. कोणी बरोबर असलं तरच भाजीला जाते. मला हे सगळं सांगताना रडू येत नाही. का, ते माहीत नाही.

बाबांनी मात्र कागद पुढे ओढला. नवीन पत्रक. पहिली ओळ मोठ्याने वाचून दाखवली: ‘उपास, मग तो कोणताही असो...’

‘खोडा ते,’ आई म्हणाली. ‘उपास लिहिलंत तर आमच्या ग्रुपवरची एकही बाई वाचणार नाही. त्यातली एकही उपास करत नाही.’

बाबांनी खोडलं. दुसरा शब्द त्यांना सुचला नाही. कागद तसाच राहिला, म्हणून हे मी लिहिते आहे.

तुमच्या घरात साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणारं कोणी असेल, तर आज त्यांना एवढंच विचारा: औषध किती वाजता घेता, आणि त्यानंतर पहिला घास किती वाजता खाता? जे सांगतील ते जसंच्या तसं त्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांगा. पुढच्या तपासणीची वाट बघू नका.