इस्त्रीखालचं अर्धं वाक्य

माझ्या वहिनीला विसरभोळी म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय ते सांगावं. मी तिची नणंद. नणंदेनं भावजयीची बाजू घ्यायची नसते म्हणे. पण दादा गेल्यापासून आम्ही दोघी एकाच दुकानात भांडत जगलोय, त्यामुळे तिला बोलायचा हक्क फक्त माझा आहे. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावावं.

दुकान शिवणकामाचं. वहिनी कापते आणि शिवते, मी काजं-बटणं आणि हातशिलाई बघते. समोर शाळा आहे, म्हणून गणवेश असतात. शिवाय ऑफिसच्या पँटी, पडदे आणि जाड झालेल्या माणसांचे कोट उसवून मोठे करणं. या शेवटच्या कामाला कधी तोटा नसतो, कारण बारीक होऊन कुणी येतच नाही.

आणि वहिनी कादंबरी लिहिते. त्यातली बाई मालाचा ट्रक चालवते. वहिनीला साधी सायकल येत नाही. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, "वन्सं, तुम्ही लग्न न करता लग्नावर एवढं बोलता, मी कधी काही म्हणते का?"

फुरसत मिळाली की लिहीन, असं म्हणत तिनं केस पांढरे केले. फुरसत मिळायची, तेव्हा ती झोपायची. मग एक दिवस तिनं फुरसतीचा नाद सोडला. सकाळी माझ्याआधी दुकानात यायचं, शटर अर्धंच वर करायचं, मशीनला तेल द्यायचं, कापायच्या टेबलावरच्या चिंध्या झटकायच्या आणि लिहायला बसायचं. शाळेची घंटा झाली की पेन खाली. ताप असो, पाहुणे असोत, मशीन रुसलेलं असो, यात बदल नाही. शेजारचा चावीवाला एकदा म्हणाला, लिहायला मूड लागतो. ती म्हणाली, "तुमची पँट मी मूड बघून शिवली असती तर तुम्ही आज चड्डीवर असता."

घंटा झाली की ती वाक्याच्या मध्येच थांबायची. शब्द तोंडाशी आलेला असला तरी नाही. कागद टेबलावर, कागदावर गार इस्त्री, की संपलं. ही तिला शिवण शिकवणाऱ्या मास्तरांची शिस्त. दुकान बंद करताना शिवण पुरी करायची नाही, सुई कापडात रुतवून उठायचं. मग सकाळी काय करू, कुठून सुरू करू, हा प्रश्नच पडत नाही. बसलं की पाय आपोआप चालतो. वहिनीनं तेच पुस्तकाला लावलं, आणि कागदांचा गठ्ठा इस्त्रीला जड व्हायला लागला.

आता भाचा. वहिनीचा एकुलता एक, दूर मोठ्या शहरात नोकरीला. पोरगा वाईट नाही, काळजीनं पोखरलेला आहे. वहिनीची आई शेवटी शेवटी पोटच्या मुलीलाही ओळखत नव्हती, ते त्यानं लहानपणी पाहिलंय. एका भेटीत तो दुकानात आला, इस्त्री उचलून कागद चाळले आणि त्याचा चेहराच पडला. त्या दिवशीचं वाक्य होतं, "घाटात तिनं ट्रक बाजूला घेतला आणि". पुढे काही नाही. आदल्या दिवसाच्या कागदावर अर्ध्या वाक्यापुढे शाई बदललेली, त्याच्या आदल्या दिवशीही तेच. त्याला वाटलं, आई वाक्य लिहिता लिहिता विसरते. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण शहाण्यांना विचारायची सवय नसते. त्यानं खिशातून पेन काढलं आणि पुढे लिहिलं, "घरी फोन करून खुशाली कळवली."

दुसऱ्या सकाळी वहिनीचा आवाज चावीवाल्याच्या पलीकडे गेला.

"माझी बाई घरी फोन करणारी नाही! कळलं? ती घरातूनच पळालीय!"

"आई, तू वाक्य अर्धं सोडलं होतंस."

"मी सोडलं होतं. मी. तुला कुणी बोलावलं?"

भाच्यानं ताकाला जाऊन भांडं लपवायचा बराच प्रयत्न केला. आधी म्हणाला, नुसतं दाखवून येऊ. मग म्हणाला, या वयात सगळेच दाखवतात. शेवटी एकदाचं बाहेर आलं. गॅस चालू राहतो, एकाच गिऱ्हाइकाला दोनदा नाव विचारतेस, मागच्या भेटीत मला काकाच्या नावानं हाक मारलीस. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मला ते दिसत होतं आणि मी बोलत नव्हते. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मी बटणांच्या डब्यात डोकं घातलं.

"चला," ती म्हणाली. "बघू डॉक्टर काय दिवे लावतात ते."

डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत आणि हसऱ्या. त्यांनी वार विचारला, आकडे उलटे म्हणायला लावले, तीन शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. तीनातला एक वहिनीला आला नाही. मग त्यांनी कागद पुढे केला. "आता मनात येईल ते एक वाक्य लिहा. कुठलंही चालेल, फक्त पूर्ण हवं."

वहिनीनं लिहिलं, "ब्रेक लागत नव्हता आणि समोर". आणि पेन खाली ठेवलं.

भाच्यानं कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी कागद वाचला. "समोर काय?"

"ते उद्या."

"आता सांगा ना."

"आता सांगितलं तर उद्या मी काय करू?"

डॉक्टर हसल्या, पण पुढे जे बोलल्या ते हसून बोलल्या नाहीत. विसरायची सुरुवात आहे. हळू चाललंय. औषध देऊ, पण ते मागचं परत आणणार नाही. रोजचं जे चाललंय ते शक्य तेवढं मोडू नका. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं, आभार मानले आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. मी शेजारी बसले.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "शिस्त मास्तरांची खरी, पण अलीकडे मी रोज सकाळी माझीच परीक्षा घेते. कालचं वाक्य पुढे नेता आलं की पास."

"आणि नाही आलं तर?"

"अजून तरी आलंय, वन्सं. भीती वाटते. खोटं कशाला बोलू?"

मला रडू आलं. ती मला ओरडली, म्हणून थांबलं.

त्या संध्याकाळी भाच्यानं निकाल दिला. दुकान बंद करायचं, आईनं त्याच्याकडे जायचं. तिथे स्वतंत्र खोली आहे, खिडकीत टेबल आहे, कामाला बाई आहे. "दिवसभर लिही ना, कोण अडवतंय?"

वहिनी म्हणाली, "सकाळी दुकानात ये. समोर काय होतं ते लिहिते. मग बोल."

तो आला. मीही लवकर गेले. वहिनीनं शटर अर्धं वर केलं, मशीनला तेल दिलं, चिंध्या झटकल्या. डॉक्टरांकडचा कागद तिनं मागून आणला होता, तो इस्त्रीखालून काढला. वाचला. पेन उचललं.

काहीच झालं नाही. तिनं पुन्हा वाचला. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. बाहेर पोरांचा गलका वाढत होता, घंटा होण्यातच होती. भाच्यानं मान फिरवली. जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर नव्हता, उलट तो रडायला आला होता. मला वाटलं, उठावं आणि काहीतरी सुचवावं, समोर म्हैस होती म्हण, नदी होती म्हण.

"आठवत नाही," वहिनी म्हणाली. स्पष्ट, मोठ्यानं. "काय लिहिणार होते ते गेलं."

"आई, असू दे. ऊठ."

"का उठू? घंटा झाली का?" तिनं कागद जवळ ओढला. "ट्रक माझा, रस्ता माझा. समोर काय आहे ते मी कालच ठरवलं पाहिजे, असं कुणी सांगितलंय?"

आणि ती लिहायला लागली. समोर काय आणलं ते मी सांगणार नाही, पुस्तकात वाचा. घंटा झाली तेव्हा अर्धा कागद भरला होता आणि शेवटचं वाक्य नेहमीसारखं लोंबकळत होतं. तिनं इस्त्री ठेवली आणि मुलाकडे वळली.

"इथे बसले म्हणून हे झालं. तुझ्या खोलीत मला आराम मिळेल, आणि मी आरामात सगळं विसरून जाईन. पुस्तक पुरं होईपर्यंत मी हलत नाही. ओढून न्यायचं तर टेबलासकट ने."

भाच्यानं टेबलावरून हात फिरवला. मग त्यानं विचारलं, गॅसचं काय? मी म्हटलं, गॅस माझ्याकडे. तो एकटाच परत गेला.

त्यानंतर किती सकाळी वाक्य पुढे गेलं आणि किती सकाळी नाही, ते मी मोजलं नाही. आठवलं तर ती गालात हसायची. नाही आठवलं तर कालच्या वाक्याला एक शिवी हासडायची आणि नवीन काही जोडायची. मध्येच ट्रकवालीचं गाव बदललं, एक भाऊ गायब झाला, एक कुत्रा मरून पुन्हा भुंकायला लागला. मी दाखवलं तर म्हणाली, "आधी कपडा उभा राहू दे, टाके मग मोजू." गिऱ्हाइकांची नावं तिच्या हातून निसटत गेली. मापं मी लिहून घ्यायला लागले. पण सकाळी शटर अर्धं वर जायचं.

एका सकाळी ती पेन खाली ठेवून म्हणाली, "झालं." मी पाहिलं. शेवटचं वाक्य पुरं होतं, पुढे टिंब होतं. घंटा अजून व्हायची होती. मी भाच्याला फोन केला, तर तो पलीकडे नुसता नाक ओढत राहिला. सगळा गठ्ठा मी कापडात बांधून कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा शटर अर्धं वर होतं, मशीनला तेल दिलेलं होतं, टेबल झटकलेलं होतं. वहिनी इस्त्री हातात घेऊन उभी होती. इस्त्रीखाली काही नव्हतं.

"वन्सं, माझे कागद कुठे?"

"वहिनी, पुस्तक काल पुरं झालं."

तिनं इस्त्री टेबलावर ठेवली. तिला आठवलं की नाही, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

"बरं, झालं असेल," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. "पण घंटा नाही ना झाली अजून? मग कोरा कागद द्या."