हायड्रोचा अर्थ आणि राधाकृष्ण सर

संगमनेरला राधाकृष्ण सरांच्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये मी चार वर्षं गणित शिकवलं. म्हणून या माणसाबद्दल बोलायचा मला हक्क आहे, आणि चांगलं बोलण्यासारखं फारसं काही नाही.

सहा वेळा परीक्षा देऊन सहाही वेळा आपटलेला हा गृहस्थ स्वतःच्या फोटोखाली 'इंग्रजीचा वाघ' असं छापून घ्यायचा. कुठून तरी उतरवलेल्या पाचशे शब्दमुळांची त्याची एक पुस्तिका होती. पोरांनी ती घोकायची, बस. तिच्यात छापलं होतं, 'हायड्रो म्हणजे वीज.'

आता हे त्याच्या डोक्यात कुठून शिरलं, ते मला ठाऊक होतं. तो राजूरकडचा. वडील, गोरक्षआबा, धरणाखालच्या वीजघरात कामाला. गावात सगळे म्हणायचे, आबा हायड्रोवर आहेत. पोरानं तेवढंच ऐकलं आणि पुढं कधी शब्दकोश उघडला नाही.

एकदा मोनिका नावाच्या मुलीनं वर्गात विचारलं, "सर, मग हायड्रोफोबिया म्हणजे विजेची भीती?"

"अर्थात! पिसाळलेलं कुत्रं चावलं की माणूस उजेडाला भितो."

"आणि हायड्रोजन?"

"विजेपासून निघतो तो."

पोरांनी निमूट लिहून घेतलं. मी दारातच उभा होतो. मला सगळं माहीत होतं, तरी गप्प बसलो. माझी नोकरी होती ना.

मोनिका दुसऱ्या दिवशी वाचनालयातला जाडजूड कोश घेऊन आली. उभी राहून तिनं सांगितलं, "सर, मूळ ग्रीक शब्द हुदोर. अर्थ पाणी. आपलं उदक त्याच्याच नात्यातलं. हायड्रोजन म्हणजे पाणी घडवणारा, कारण तो जळला की पाणी होतं. आणि त्या रोग्याला पाणी पाहिलं तरी घशात आचके येतात, म्हणून हायड्रोफोबिया."

"ग्रीक लोक परीक्षा घेणारेत का तुझी?" सर हसले. पोरंही हसली. "माझे वडील तीस वर्षं हायड्रोवर होते. तू मला शिकवणार?"

त्याच आठवड्यात आबा दवाखान्याच्या कामासाठी संगमनेरला आले. मुलाला भेटायला क्लासमध्ये डोकावले, तर सरांनी त्यांना थेट फळ्यापुढं उभं केलं. साक्षीदारच मिळाला होता.

"आबा, यांना सांगा, हायड्रोत काय तयार व्हायचं?"

"लाईट," आबा म्हणाले.

"ऐकलं?" सरांनी मोनिकाकडं बोट केलं.

"पर हायड्रो म्हंजी पानी," आबा पुढं बोलले. "पैल्याच दिशी सायबानं सांगितल्तं. पानी वरून सोडायचं, त्याच्या जोरावर चाक फिरायचं. पानी न्हाई तर लाईट कुठली? तुला ठावं न्हाई व्हय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांचे कान लाल झाले.

"तुम्ही जा आता. अडाणी माणसानं वर्गात बोलू नये."

स्वतः बोलावून आणलेल्या बापाला त्यानं साठ पोरांसमोर हे सुनावलं. आबांनी टोपी नीट केली, "बरं," म्हणाले आणि जिना उतरले. मोनिका कोश काखेत मारून त्यांच्यामागं गेली. तिनं त्यांना एसटीत बसवून दिलं, आणि पुन्हा क्लासला आली नाही.

मी मात्र तासाची घंटा झाली तसा आत जाऊन शेकडेवारी शिकवली. माझीही लायकी त्या दिवशी मला कळली. महिनाअखेरीला मी क्लास सोडला.

जूनमध्ये पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात लिहिलं होतं, 'हायड्रो म्हणजे पाणी.' खाली बारीक अक्षरात, 'राधाकृष्ण सरांचे स्वतंत्र संशोधन.' त्या वर्षी क्लासला दोन तुकड्या वाढवाव्या लागल्या.