आबांची पडवी मी आवरली

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच, आणि लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. आमचे मराठीचे प्रोफेसर म्हणाले, ज्याची माहिती आहे त्यावर लिहा. मला माहिती आहे ती एका सुताराच्या पडवीची आणि ती मी कशी झाडूनपुसून आवरली त्याची. यात घरच्या माणसांबद्दल तक्रार येणार. ती लिहावी की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. चुकत असेन तर वाचकांनी लहान समजून सोडून द्यावं.

आमचं गाव तापीकाठचं, शहाद्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते सुतारकाम करत आणि त्यांचा कारखाना म्हणजे घरापुढची पडवी. त्यांच्याबरोबर त्यांचा चुलतभाऊ, म्हणजे माझा काका, काम करायचा. मी नऊ वर्षांचा झालो तेव्हा आबांनी मला शिकायला नंदुरबारला मामांकडे ठेवलं. सुट्टीत घरी येऊन लाकूड तासायच्या वाकसाला हात लावला की ते म्हणत, "ठेव तठेच. तुन्हा हात लिखाले शे." त्यामुळे सुताराचा मुलगा असूनही पडवीतलं निम्मं सामान मला नुसतं पाहून ठाऊक होतं. कशाचं काय काम, ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

नाशिकच्या कॉलेजात पहिलं वर्ष संपवून उन्हाळ्यात घरी आलो, तेव्हा माझ्या डोक्यात आमची प्रयोगशाळा होती. तिथे काचेची कपाटं, प्रत्येक वस्तूला तिची जागा, जागेवर चिठ्ठी. आणि इथे पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत ढलप्या. पटाश्या छपरात खोचलेल्या, करवत दाराआड, खिळे फुटक्या मडक्यात गंजलेले. भुशात विंचू निघायचे. मला लाज वाटली, हे खरं आहे. कुणी मित्र घरी येणार नव्हता, तरी वाटली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आबा लाकूड आणायला गाडी घेऊन तळोद्याच्या बाजूला गेले, चार-पाच दिवसांसाठी. तेवढ्यात पडवी आवरून त्यांना चकित करायचं मी ठरवलं. काकाला सांगितलं तर तो माझ्याहून खूश झाला. म्हणाला, "कर, भाऊ, कर. तुन्हा बापले कितला सांगं मी. मन्हं कोनी ऐकस का?"

चार दिवस मी मनापासून खपलो. सगळं सामान अंगणात काढलं. भुसा चाळून त्यातले खिळे आणि दोन पटाश्यांची तुटकी पाती वेगळी केली. ढलप्या मायला चुलीसाठी दिल्या. करवतीचा गंज विटेच्या भुकटीने घासला, वर तेलाचं बोट फिरवलं. भिंतीत खुंट्या ठोकून प्रत्येक हत्याराचा आकार त्याच्या खुंटीमागे गेरूने काढला, म्हणजे काय जागेवर नाही ते पाहताक्षणी कळावं. ओल्या फळ्यांची रास लावली आणि वारा खेळावा म्हणून दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घातल्या. जमीन शेणाने सारवली. प्रत्येक वस्तू हातात घेऊन मी काकाला विचारत होतो, ही ठेवायची का? तो ठेव म्हणे किंवा टाक म्हणे. मीही त्याचं ऐकत होतो. ज्याला समजतं त्याला विचारूनच करावं, असं मला वाटत होतं.

कोपऱ्यात बांबूच्या काड्यांच्या तीन-चार मोळ्या होत्या. हातभर, दोन हात लांबीच्या चिरलेल्या काड्या. त्यांच्यावर खाचा. कुणाच्या टोकाला लाल चिंधी, कुणाला सुतळीचे वळसे, कुणाला तापल्या लोखंडाची डागणी.

"काका, या कशाच्या?"

"जुन्या काड्या शेतस. वाळवी लागी. मी लई जास, चुल्हामा घालसू."

मी त्या झटकल्या, लांबीप्रमाणे नीट लावल्या, सुतळीने बांधल्या आणि दोन फेऱ्यांत स्वतः डोक्यावरून काकाच्या घरी पोचवल्या. भर सकाळी, गावातून. वाटेत एक म्हातारा म्हणाला, "कालेजना साहेब मोळी वाही ऱ्हायना!" मी हसलो. मला तेव्हा त्या थट्टेचाही अभिमान वाटला.

आबा आले. गाडी सोडली, पडवीत उभे राहिले आणि खुंट्यांवरच्या गेरूच्या आकारांकडे बघत म्हणाले, "दवाखाना करी टाका रे तू!" मायही हसली. मग त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

"काड्या कोठे शेतस?"

मी सांगितलं. ते ठोकळ्यावर बसले. मग जे तोडकंमोडकं सांगितलं त्यावरून मला समजलं ते असं. एकेक काडी म्हणजे एकेका घराचं माप. पेरायच्या पाभरीच्या दात्यांत किती अंतर, त्यावरून ओळींमधलं तण काढायचं कोळपं किती रुंद. अंतर प्रत्येक घराचं वेगळं, आणि कोळपं बोटभर जरी चुकलं तरी उगवलेली ओळ उपटून निघते. चिंधी आणि डागणी ही घरांची ओळख. त्यात आजोबांच्या हातच्याही काड्या होत्या. आबांना अक्षर येत नव्हतं. त्यांचं सगळं लिहिलेलं तिथे होतं.

आम्ही तसेच काकाकडे गेलो. तो ओट्यावर बसला होता. म्हणाला, "जळी गयात, दादा. मले काय म्हाईत तुले लागतीस? पोऱ्यानीच आनी दिन्ह्यात." वीस वर्षं त्या काड्यांवर काम केलेला माणूस हे बोलत होता. काकू आत निघून गेली. आबा म्हणाले, "जाऊ दे," आणि आम्ही परत आलो. वाटेत मीच रडत होतो, कारण चूक माझी आहे असं मला वाटत होतं. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण काकाबद्दल एक शब्द काढला नाही.

मी नाशिकला परतलो. काकाने पडवी सोडली हे मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याने स्वतःचा सुतारकामाचा मांडव घातला होता. मी पारावर बसलो असताना एका शेतकऱ्याने सहज, हसत हसत सांगितलं, "तुन्हा काका भलता हुशार. न मोजताच कोळपं करी दिन्हं, बराबर बसनं. तुन्हा बाप म्हनस, जुनी पाभर आन, मंग देखू. पाभर मोडी गयी तवय ते उनू ना मी!"

पाभर मोडली म्हणूनच तर तो आला होता, यावर बाकीचे हसले. मला हसता आलं नाही. न मोजता कोळपं बराबर बसतं ते एकाच गोष्टीने. काड्या जळल्या नव्हत्या.

धावत घरी आलो. आबा रंधा मारत होते. सगळं सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

"मले म्हाईत शे."

"मग गावात बोलत का नाही?"

"काय बोलू? चोरी व्हयनी म्हनू? तूच डोकावर लई गया व्हता. बठ्ठा गावनी देखं."

ते रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. काकाने मला विचारून विचारून फसवलं, आणि आबांनी ते उन्हाळ्यापासून ओळखूनही मला दिवाळीपर्यंत स्वतःलाच दोष देत राहू दिलं. या दोन्हींतलं जास्त कोणतं लागलं, ते मला सांगता येत नाही. सांगायचा प्रयत्न केला की आबांवर अन्याय होतो असं वाटतं.

त्या सुट्टीत मी मोजलं तर पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी घरांचं काम आमच्याकडे राहिलं होतं. ती घरं टिकवायची तर काड्या परत मिळायला हव्या होत्या. काकाच्या तोंडावर बोलायचं धैर्य मला झालं नाही. कॉलेजात गेल्यावर पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचवं टाकलं. शिव्या दिल्या नाहीत. एवढंच लिहिलं की काड्या आठ दिवसांसाठी द्या, मी येऊन सगळी मापं वहीत उतरवून घेतो, मग तुमच्या तुम्हाला ठेवा. दोन्ही घरं चालतील. पत्र गावच्या शाळामास्तरांच्या नावे पाठवलं आणि ते काकाला वाचून दाखवावं, असं वर लिहिलं.

रोज टपालाच्या वेळी मी खानावळीतून लवकर उठून खोलीवर येत असे.

कार्ड आलं ते मास्तरांच्या अक्षरात. काकाचा निरोप त्यात नव्हता. मास्तरांनी लिहिलं होतं की तुमच्या वडिलांनी पडवी बंद केली असून ते आता तुमच्या काकांच्या मांडवात कामाला जातात. आई खुशाल आहे. तुम्ही अभ्यासात लक्ष द्यावे असे वडिलांनी सांगितले आहे. वर तारीख दहा दिवसांपूर्वीची होती, म्हणजे मी टपालाची वाट पाहत होतो तेव्हाच आबा काकाच्या मांडवात जात होते.