ब्रेकमास्तरांची जोडसायकल

सायकलवर बसण्याआधी आमचे हे ब्रेक तीनदा दाबून बघत. दोनदा नाही, चारदा नाही. हे गारखेड्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. पोरं त्यांना पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणत, आणि खरं सांगायचं तर घरात मीही म्हणे. "चालवणं काय, कुणालाबी येतंय. थांबता आलं पाहिजे, मग निघावं," असं त्यांचं म्हणणं. रस्त्यात झाडाची सावली आडवी आली तरी यांचा ब्रेक लागे.

मला सायकल येत नव्हती. पन्नाशीला आल्यावर यांनी छावणीतल्या एका मिस्त्रीकडून दोन जुन्या सायकली जोडून एक लांबलचक सायकल करून घेतली. पॅडल दोघांना, पण वळवायचं हँडल आणि ब्रेक फक्त पुढच्याकडे. मिस्त्री म्हणाला, "मास्तर, सोच लो. भाभी के हाथ में ब्रेक नहीं है." हे म्हणाले, "तिला कशाला? मी हाय ना." मला ते तेव्हाच खटकलं होतं. नवऱ्याची पाठ बघत जायचं आणि थांबायचं ते त्याच्या मर्जीनं.

त्या उन्हाळ्यात यांनी एकच धोशा लावला. समुद्राच्या कडेकडेनं या सायकलवर दोघांनी एक दिवस फिरायचं, आणि तेही यंदाच. यंदाच का, विचारलं की साखळीला तेल घालायला बसत. जन्मात हट्ट न केलेला माणूस हट्टाला पेटला की काळजी वाटते. शेवटी एसटीच्या टपावर सायकल बांधून आम्ही कोकणात गेलो.

सकाळी निघालो. ब्रेक तीनदा. ओली वाळू डांबरासारखी घट्ट होती. वाटेत एक खाडी लागली, तिच्या तोंडाशी नुसती वाळू. तिच्यावरूनच पलीकडे गेलो, पोहे खाल्ले, सुरूच्या झाडांखाली बसलो. हे समुद्राकडे इतकं टक लावून बघत होते की मी म्हटलं, "अहो, तो काय पळून चाललाय?" एरवी हसले असते. हसले नाहीत.

दुपारी त्याच वाटेनं परत फिरलो. सकाळी कोरडी असलेली नदी दुपारीही कोरडीच असते, हे आम्हा मराठवाड्याच्या माणसांचं ज्ञान. भरती-ओहोटी यांनी जन्मभर फळ्यावर शिकवली, ती फळ्यावरच राहिली. मी मागून मान काढून पाहिलं तर खाडीच्या तोंडाशी पाणीच पाणी. म्हटलं, आता ब्रेक लागेल. लागला नाही. सावलीला थांबणारा माणूस पाण्याच्या रोखानं पॅडल मारत चालला होता. काठावरून एक कोळीण ओरडली, "ओ, भरती लागलीय, मागं फिरा!" मी यांचा सदरा धरून ओढला आणि आम्ही सायकलसकट आडवे झालो.

पाण्यात बसूनच हे म्हणाले, "मला वाळूच वाटली गं."

मग सगळं बाहेर आलं. काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसरा जात चाललेला. दिवाळीपासून यांना ठाऊक होतं. "तुला सांगितलं असतं तर येऊ दिलं नसतंस. दिसतंय तोवर समुद्र बघून घ्यायचा होता, तुझ्यासंगं." मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. आधी थांबायला शिका म्हणणारा माणूस मला मागे बसवून आंधळेपणानं चालला होता.

परतायला डोंगराकडून सडकेचा वळसा होता. पुढे मी बसले. ब्रेक तीनदा दाबले. चढावर आणि उतारावर ढकलत नेली, सपाटीवर दोनदा पडलो. "तुला काय दिसतंय तेवढं सांगत जा," हे मागून म्हणाले. मी सांगत गेले. वळण आलं, म्हैस आहे, डावीकडं समुद्र.

त्यानंतर पुढे मीच. गारखेड्यातली माणसं थांबून बघत. हळूहळू यांना काहीच दिसेनासं झालं, तरी मागे बसून कधी 'ब्रेक मार' म्हणाले नाहीत. मी मात्र रोज निघण्याआधी ब्रेक तीनदा दाबून बघे.

गेल्या हिवाळ्यात इस्पितळात यांना मेंदूच्या ऑपरेशनला आत नेत होते. बोलणं बंद झालं होतं. माझा हात हातात होता. यांनी माझी बोटं दाबली. एकदा, दोनदा, तीनदा. निघण्याआधीचं ते दाबणं मी नाही ओळखणार तर कोण ओळखणार? मी "थांबा हो," म्हणाले.

ब्रेक लागला नाही.