चंद्रीच्या दुधाचं हाड

गेला रविवार, सकाळची वेळ, गेवराईतला हाडांचा दवाखाना. हजर: आमच्या ह्यांच्या आत्याबाई, त्यांचा मुलगा बाळू आणि मी. गैरहजर: चंद्री, म्हणजे आत्याबाईंची म्हैस. निकाल मात्र तिचाच लागायचा होता.

दुधावर आत्याबाईंएवढा विश्वास असलेलं माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचं नाही. उमापूरच्या त्यांच्या घरात औषधांचा डबा नाही, दुधातुपाचं शिंकं आहे. पोट बिघडलं की ताक-भात, झोप लागत नसली की कोमट दूध, ओठ फुटले की लोणी. चहाला त्या ‘दुधाचं वाटोळं’ म्हणतात. ताक विकायचं नाही हा घरचा रिवाज, त्यामुळे सकाळी अर्धी गल्ली तांबे घेऊन दारात उभी असते आणि प्रत्येक तांब्याबरोबर तब्येतीची झडती होते. मागे मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याचा घसा बसलेला होता. आत्याबाईंनी त्याला ओट्यावर बसवलं, हातात तूप घातलेलं गरम दूध दिलं आणि म्हणाल्या, “आदी हे पी बाबा, मग काय थापा मारायच्या त्या मार.” त्याचा आवाज असा सुटला की जेवणवेळ टळून गेली तरी भाषण संपेना. गल्ली अजून त्याचा दोष आत्याबाईंनाच देते. मी नवी सून असताना, दुधानं माझं पोट फुगतं, असं भीत भीत सांगितलं होतं. वाटलं, आता माहेरी पाठवतात. पण त्या शांतपणे म्हणाल्या, “मग दही खा की. पचवायचं निम्मं काम विरजण करून ठिवतं.” तेव्हापासून मी दही खाते आणि पोट गप्प आहे.

तर या आत्याबाई शनिवारी संध्याकाळी गोठ्यात घसरून पडल्या. दुधाची बादली मात्र त्यांनी सांडू दिली नाही. बाळू उचलायला धावला तर म्हणाल्या, “आदी बादली घे. मी काय सांडत न्हाई.” पण रात्रभर कंबर धरून बसल्या. बाळू वर्षभर म्हणत होता की या वयात जनावर झेपत नाही, चंद्रीला विकू. त्याचंही खोटं नव्हतं. आई एकटी गोठ्यात गेली की त्याचा जीव टांगणीला. दवाखान्याच्या बाकावर त्यानं शेवटचं विचारलं, “हाड मोडलं आसंल तर चंद्री विकायची. कबूल?”

“कबूल. आन न्हाई मोडलं तर पुन्यांदा त्या म्हशीच्या व्यापाऱ्याला दारात आणायचं न्हाई.”

एवढं बोलून त्यांनी माझा हात घट्ट धरला. कशालाच न घाबरणारी ही बाई त्या दिवशी घाबरलेली मी पाहिली.

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला, बराच वेळ पाहिला. “मोडलेलं नाही, मावशी. मुका मार आहे. या वयाला हाड छान आहे.”

“कशानं छान हाय, ते याला सांगा.”

“दूध-दह्यातलं कॅल्शियम हाडांना लागतंच. शिवाय तुम्ही जन्मभर उन्हात राबलात, त्याचाही गुण.”

“ऊन तर सगळ्यालाच हाय,” आत्याबाई बाळूकडे बघत म्हणाल्या, “चंद्री माज्याकडंच हाय.”

बाळू हसला, त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, “बरं बाई, जिंकलीस.” परतताना त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसल्या, निवडून आलेल्या सरपंचासारख्या, आणि गावात शिरल्यावर भेटेल त्याला एक्स-रे दाखवत गेल्या. चंद्रीची धार आता बाळू काढतो, त्या शेजारी बसून चुका काढतात.

त्या दिवशी मी माझ्या घरी निघताना त्यांनी एक्स-रे माझ्याकडे दिला. “फ्रेम करून आण, सुनबाई. गोठ्यात लावायचा. तिला बी दिसू दे, कुणाचं काम हाय.”

फ्रेमवाला म्हणतो, मागून उजेड नसला तर यात काही दिसायचं नाही. खरं आहे. आत्याबाईंना आता कमी ऐकू येतं, सुईत दोरा ओवता येत नाही, परवा माझं नाव विसरल्या. पण एक्स-रे खिडकीशी धरला की ते हाड तेवढं पांढरंशुभ्र दिसतं. फ्रेम लावायला गोठ्यातली पूर्वेची खिडकी मी मनात धरली आहे. तिचं माप घ्यायला जायचं राहिलं आहे.